एक पेपर ठेवजा, भाऊ

"आता पेपर कोण घेते, भाऊ?" हा प्रश्न मला हल्ली दर चार-आठ दिवसांनी कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्यानं उत्तर आधीच मनाशी ठरवलेलं असतं. त्याच्या हातात मोबाईल असतो, त्यावर सकाळपासून दहा ठिकाणच्या बातम्या येऊन पडलेल्या असतात, आणि माझ्यासमोर टेबलावर कालच्या घडामोडींचे गठ्ठे असतात. मला मात्र हा प्रश्न ऐकून सोडून देता येत नाही. माझं घर या गठ्ठ्यांवर उभं राहिलं, मुलांची शिक्षणं यावर झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून मी बाभुळगावात पेपरची एजन्सी चालवतो, आणि ज्यांचे अंक विकतो त्यांपैकी एका दैनिकाचा तालुका वार्ताहरही आहे. पहाटे पेपर वाटायचा आणि दुपारी उद्याच्या पेपरसाठी बातमी धाडायची. तालुक्याच्या गावी ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असणं जुनंच आहे. नुसत्या बातमीवर पोट भरत नाही म्हणून अंक विकायचे, आणि अंक खपावेत म्हणून गावाची बातमी लिहायची.

बाभुळगाव हे यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण. कापूस, तूर, सोयाबीन यांवर चालणारं. बाहेरच्या माणसाला नाव सांगितलं तर तो विचारतो, हे कुठं आलं? पण मराठी वर्तमानपत्रांचा इतिहास सांगताना हे गाव टाळता येत नाही. जवाहरलाल दर्डा २ जुलै १९२३ रोजी इथं जन्मले. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळातून 'लोकमत' नावाचं पत्र काढलं होतं. तेच नाव दर्डांनी पुढं चालवलं आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरातून 'लोकमत' दैनिक म्हणून निघू लागलं. मी सगळीच दैनिकं विकतो, आणि धंद्यात मी कुणा एकाचा नाही. तरी आपल्याच गावच्या माणसानं एवढं मोठं वर्तमानपत्र उभं केलं याचा अभिमान इथल्या पेपर विकणाऱ्याला नसेल तर कुणाला असणार?

मी या कामात पडलो तेव्हा यवतमाळहून येणाऱ्या पहिल्या एस.टी.च्या टपावर गठ्ठे असायचे. मुंबईचे अंक रेल्वेनं धामणगावला उतरत आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर दुपार होई. घारफळ, सावर, राणीअमरावती अशा गावांना पेपर जायचा तो दूधवाल्याच्या सायकलवर, नाहीतर मास्तरांच्या पिशवीत. एका अंकावर अख्खी ओसरी वाचत असे. एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे, मधेच कुणीतरी "पुन्हा वाच बरं ते" म्हणायचा. त्यामुळं अंक किती खपले आणि वाचणारे किती, याचा मेळ आमच्या भागात कधी बसलाच नाही.

बातमी पाठवायची रीतही आजच्या पोरांना खरी वाटत नाही. कागदाच्या एकाच बाजूला, ओळींमध्ये जागा सोडून, सुवाच्य अक्षरात बातमी लिहायची. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'बातमी' लिहायचं आणि ते यवतमाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचं. तिकडं स्टँडवर कार्यालयाचा माणूस येऊन पाकीट घेऊन जाई. गाडी रस्त्यात बंद पडली की बाभुळगावची बातमी एक दिवस मागं. पण त्या पाकिटावर कुणी कधी पैसे घेतले नाहीत, आणि माझ्या आठवणीत तरी एकही पाकीट हरवलं नाही. पुढं फॅक्स आला, मग सायबर कॅफेतून ईमेल, आणि आता मी पंचायत समितीच्या पायरीवर बसून मोबाईलवर बातमी टाईप करतो.

खप खरा वाढला तो जिल्ह्याची पानं सुरू झाल्यावर. त्याआधी बाभुळगावचं नाव छापून यायचं ते मोठा अपघात झाला किंवा मंत्री येऊन गेला तरच. जिल्हा आवृत्ती आल्यावर शाळेचं गॅदरिंग, बँकेपुढची रांग, कुस्तीची दंगल, बिबट्यानं नेलेली कालवड, कुठं नळाला पाणी नाही, कुठं डीपी जळाली, हे सगळं छापून येऊ लागलं. ज्या घरात पेपर कधी शिरला नव्हता त्या घरातला माणूस पहाटे येऊन सांगायचा, "एक पेपर ठेवजा, भाऊ, पोरीचं नाव आलं म्हंते आज." एकदा नाव पाहिलेल्या घरात पुढच्या महिन्यापासून अंक चालू व्हायचा. दिल्ली-मुंबईच्या बातम्यांसाठी आमच्याकडे रेडिओ होता, मग टीव्ही आला. पेपरनं लोकांना स्वतःचं गाव वाचायला दिलं. हे काम त्यानंच केलं, आणि माझ्या मते त्याचं खरं मोल तेच आहे.

पहाटेचं काम बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. आता गठ्ठे पिकअप गाडीनं येतात, पाचच्या आत. प्रत्येक गठ्ठ्यावर एजन्सीचं नाव आणि अंकांची संख्या लिहिलेली चिठ्ठी असते. सुतळी कापली की आधी मोजायचं, कारण कमी आले तर लगेच फोन करावा लागतो, दुपारी कुणी ऐकून घेत नाही. वरचा आणि खालचा अंक बहुधा सुतळीनं चिरलेला असतो, तो स्टॉलवर वाचायला ठेवायचा. मुख्य अंक वेगळा, पुरवणी वेगळी. डाव्या हाताच्या अंगठ्यानं घडीचा कोपरा उचलायचा आणि उजव्या हातानं पुरवणी आत सरकवायची, त्यातच कृषी केंद्राचं नाहीतर कोचिंग क्लासचं पत्रक. सरावलेल्या हाताला पाहावंही लागत नाही. पावसाळ्यात प्रत्येक अंक प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. मग लाईनीप्रमाणे थप्प्या लावायच्या आणि पोरं निघाली की बोटांवरची शाई पुसत पहिला चहा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लहानपणी रामेश्वरमला धावत्या गाडीतून टाकलेले गठ्ठे गोळा करून पेपर वाटले होते. त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आमचे लोक वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून साजरा करतात. पेपर टाकणाऱ्या पोराला हे सांगितलं की तो जरा ताठ चालतो, हे मी पाहिलंय.

आता घसरणीचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वर्ष-दोन वर्षांत बाभुळगावात पानठेल्यावर, बांधावर, एस.टी.त सगळीकडे इंटरनेट झालं. पण कुणी मोबाईल घेतला आणि दुसऱ्या दिवशी पेपर बंद केला, असं सहसा घडलं नाही. पेपर बंद होण्याची रीत वेगळी आहे. घरात एक काकाजी असतात, सकाळी अंगणात खुर्ची टाकून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. ते जातात. तेरवी होते. मी महिन्याच्या वसुलीला जातो तेव्हा मुलगा किंवा सून बिलाचे पैसे देते आणि हळूच म्हणते, "आता नका टाकू, भाऊ. वाचणारं कोणी रायलं नाही." आमच्या धंद्यात अंक बंद होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. वाचक मोबाईलकडं गेला त्यापेक्षा वाचक म्हातारा होऊन गेला आणि त्याच्या जागी नवा बसला नाही, हे अधिक खरं. मला अशा घरातून बाहेर पडताना दोन दुःखं होतात, एक माणूस गेल्याचं आणि दुसरं त्याच्यानंतरचं.

मोबाईलनं लोकांचं काही बिघडवलं, असं मी सरसकट म्हणणार नाही. शेतकऱ्याला त्यानं जे दिलं ते पेपरला कधीच देता आलं नसतं. आम्ही बाजारभाव छापायचो तो आदल्या दिवशीचा. तो वाचून माणूस कापसाची गाडी भरायचा आणि बाजारात पोचेस्तोवर भाव उतरलेला असायचा. २०२२ च्या सुरुवातीला विदर्भात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला तेव्हा लोक तासातासाला मोबाईलवर भाव पाहत होते, धामणगावचा वेगळा, यवतमाळचा वेगळा, आणि जिथं चार पैसे जास्त तिथं गाडी वळवत होते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. व्यापारी त्याखाली मागतो की नाही हे पोराला घरबसल्या कळत होतं. पावसाचा अंदाज, बियाण्यांची माहिती, पीकविम्याची मुदत, हे सगळं वेळेत कळणं म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातले पैसे वाचणं. हे काम मोबाईलकडं गेलं ते बरं झालं, आणि मी ते मनापासून म्हणतो.

पण दुसरीही बाजू आम्ही पाहिली. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज महाराष्ट्रभर फिरत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी, निरपराध माणसं. तेच मेसेज आमच्याकडंही आले होते. बायका पोरांना अंगणात खेळू देत नव्हत्या, फिरत्या भांडेवाल्याकडं लोक संशयानं पाहत होते. त्या दिवसांत स्टॉलवर येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "पेपरात हाय का?" नसे. पोलीस ठाण्यात जाऊन मी विचारून आलो, तालुक्यात अशी एकही तक्रार नव्हती. ते तसं लिहिलं, छापून आलं, आणि तो अंक मी स्टॉलच्या दोरीवर दर्शनी लावून ठेवला. लोक उभं राहून वाचत होते, काही जण फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. त्याच जुलै महिन्यात अफवा ओळखायच्या कशा हे सांगायला व्हॉट्सॲपनं देशातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. स्वतःच्या मेसेजवर लोकांनी आंधळा भरवसा ठेवू नये हे सांगायला त्या कंपनीला छापील पानावर यावं लागलं.

त्याच वर्षी शेजारच्या राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. मोबाईलवर ती वाघीण रोज नव्या गावात निघायची. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली, आणि ते आधी मोबाईलवरच कळलं, खरंच कळलं. तरी दुसऱ्या दिवशी माझ्याकडचे अंक सात वाजायच्या आत संपले. रात्रीच बातमी वाचलेली माणसं सकाळी पेपर घ्यायला आली होती. मला तेव्हा उमगलं की आमची माणसं दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी दोन वेगवेगळ्या जागी जातात. काय झालं हे मोबाईलवर कळतं, आणि जे कळलं ते पक्कं आहे का, हे पाहायला ती पेपरकडं येतात.

पक्कं म्हणजे किती पक्कं, याचा अनुभव बेंबळा प्रकल्पानं दिला. बेंबळा नदीवर खडकसावंग्याजवळ धरण बांधलं, त्यात जमिनी गेल्या, गावं उठली, पुनर्वसन झालं. जमीन घेताना तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्यातल्या कलम ४ ची अधिसूचना राजपत्राबरोबर त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागे, त्यांतलं एक तरी स्थानिक भाषेतलं. हरकत घ्यायला प्रसिद्धीपासून तीस दिवस. म्हणजे जाहिरात कोणत्या तारखेच्या अंकात आली, यावर माणसाचा हक्क अवलंबून. २०१४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही दोन दैनिकांची अट कायम राहिली, हरकतीची मुदत साठ दिवस झाली. नोटीस संकेतस्थळावरही टाकावी लागते, पण छापील अंकाची अट गेली नाही.

धोतर नेसलेले एक आजोबा माझ्याकडं आले होते, तो दिवस अजून आठवतो. पिशवीतून त्यांनी सातबारा काढला, घडी उलगडली आणि म्हणाले, "बाप्पा, आमच्या गटाचा नंबर पेपरात आला म्हंते. तो पेपर पाह्यजे." जुने अंक मी काही दिवस बांधून ठेवतो. शोधला, सापडला. बारीक टाईपात गट नंबरांची लांबलचक यादी. त्यांना चष्म्यानंही दिसेना, म्हणून मी बोट ठेवून वाचत गेलो. नंबर आला तेव्हा त्यांनी तिथं स्वतःचं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग विचारलं, "आज काय तारीख?" आम्ही दोघांनी मिळून दिवस मोजले. मुदत शिल्लक होती. अंकाचे पैसे मी घेत नव्हतो, तर ते रागावले. म्हणाले, विकत घेतलेला पेपर पाहिजे, मागून आणलेला नको. तो अंक त्यांनी सातबाऱ्याच्याच घडीत ठेवला. मोबाईलवर आलेली यादी त्यांनी अशी ठेवली असती का, आणि कुठं ठेवली असती?

आजही हे थांबलेलं नाही. जमीन घेणारा वकिलामार्फत जाहीर नोटीस देतो आणि दोन अंक नेतो. वारसाची नोंद, हरवलेलं खरेदीखत, टेंडर, लिलाव, सगळ्याला कात्रण लागतं. गुन्हे दाखल असलेल्या उमेदवारानं निवडणुकीआधी ती माहिती स्थानिक वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर तीन वेळा द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं. वर्षानुवर्षं पेपर बंद असलेल्या घरचा माणूसही वडिलांच्या पुण्यस्मरणाची जाहिरात मोबाईलवर देत नाही, माझ्याकडं येतो. भरतीची तयारी करणारी पोरं वाचनालयात बसून अग्रलेख वहीत उतरवतात. त्यांच्याजवळ चांगले मोबाईल आहेत, पण परीक्षेचा अभ्यास म्हटला की त्यांना पान लागतं. खप कमी झाला तो रोजच्या घरांतला. पेपर लागणारी माणसं अजून गावात आहेत, ती रोज येत नाहीत इतकंच.

धंद्याचं गणित मात्र रोजच्या माणसावर चालतं. एका अंकामागं हाती पडणारं कमिशन दोन रुपयांच्या आसपास. त्यातून टाकणाऱ्या पोराचे पैसे, पेट्रोल, बुडीत वसुली. छापणाऱ्यांचंही सोपं नाही. कागद मोठ्या प्रमाणावर परदेशातून येतो. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्यावर दहा टक्के आयात शुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते पाच टक्क्यांवर आलं, आणि २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानं कागद पुन्हा भडकला. त्याची झळ आमच्यापर्यंत पोचली ती पानं कमी होऊन आणि किंमत वाढून. वाचकानं दोन्ही लगेच ओळखलं.

लॉकडाऊननं तर कंबरच मोडली. मार्च २०२० मध्ये लोकांनी कागदाला हात लावायचं सोडलं. पेपरातून कोरोना पसरतो अशी भीती मोबाईलवरूनच घरोघर गेली होती. एप्रिलमध्ये राज्य सरकारनं वर्तमानपत्रं घरोघर टाकायला बंदी घातली. पत्रकार संघटना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्या, टीका झाली, आणि दोन-चार दिवसांत मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रं सोडून बाकी ठिकाणची बंदी उठली. पण तोवर लोकांना ग्रुपवर येणाऱ्या पीडीएफची सवय लागली होती. अख्खा अंक, पुरवणीसकट, फुकट, आणि माझी गाडी यायच्या आधी. ती घरं परत आली नाहीत. मी त्या दिवसांत तोंडाला रुमाल बांधून, ज्या घरांनी चालू ठेवला त्यांच्या फाटकात अंक ठेवत होतो. आत जे एकटे म्हातारे होते, त्यांना तो अंक नुसता बातम्यांसाठी नको होता. "कोणी तरी आलं सकाळी," असं एक आजी म्हणाल्या होत्या.

यात आमच्या वर्तमानपत्री जगाचाही दोष आहे आणि तो मला लपवायचा नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण गाजलं, प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये त्याची दखल घ्यावी लागली. नेत्याच्या वाढदिवसाला पानंच्या पानं शुभेच्छांनी भरतात आणि त्या दिवशी गावची बातमी उद्यावर जाते. तालुका वार्ताहराला पगार नसतो. मानधन नावाला, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. ज्या सरपंचाकडं सकाळी पंधरा ऑगस्टची जाहिरात मागायची, त्याच्याच गावच्या रस्त्याची बातमी दुपारी लिहायची. हे जड जातं. वाचकाला हे समजत नाही असं समजणं चूक आहे. पेपरवरचा विश्वास जिथं जिथं उणावला, तिथं मोबाईलनं तो हिसकावून नेला नव्हता, आम्हीच तो सांभाळला नाही.

तरीही लोक पेपर घेतात की मोबाईलवर वाचतात, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. वाचायला कुठंही वाचा. तालुक्याची बातमी लिहिणार कोण, हा खरा प्रश्न आहे. मोबाईलवर युक्रेनचं युद्ध दिसतं, मुंबईची लोकल दिसते, पण बाभुळगावच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे कुणीतरी जाऊन विचारल्याशिवाय कोणत्याच पडद्यावर येत नाही. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आज सगळं जग ते प्रकरण जाणतं. पण आधी जिल्हा पानावर कुठं एका गावचा, कुठं दुसऱ्या गावचा रुग्ण अशा चार-चार ओळींच्या बातम्या येत होत्या. त्या लिहिणारी माणसं आमच्यासारखीच, एजन्सी चालवणारी, मोटरसायकलवर फिरणारी. मोठे कॅमेरे नंतर आले.

आणि गेल्या काही वर्षांत तर विचारणाऱ्याची गरज वाढली. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले. सदस्य नव्हते म्हणजे मासिक सभा नाही, सभा नाही म्हणजे प्रश्न नाहीत. सभेत एखादा सदस्य उठून घरकुलाच्या हप्त्याबद्दल बोलायचा, तेवढ्यावर माझी बातमी व्हायची. सभा बंद झाल्यावर टेबलाटेबलांवर जाऊन मलाच विचारावं लागलं. हे विचारायला जाणं परवडतं ते सकाळी अंक विकतो म्हणून. अंक संपले तर तालुक्याची ही फेरी कुणाच्या पैशावर होणार, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तालुक्यात आता न्यूज पोर्टल आणि यूट्यूब चॅनल चालवणारी पोरं आहेत. त्यांच्यात चलाखी आहे, मेहनत आहे. गारपीट झाली की माझ्या आधी ती बांधावर असतात. मी त्यांना परकं मानत नाही. माझ्या लाईनीवरचा एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे अंक टाकतो आणि दिवसा व्हिडिओ काढतो. मागं त्यानं एका गावच्या बंद पडलेल्या नळयोजनेचा व्हिडिओ आणला. बाया डोक्यावर हंडे घेऊन उन्हात चालल्या होत्या. "काका, टाकू का?" म्हणाला. मी म्हटलं, टाकण्याआधी जा आणि विचारून ये. पंप कधीपासून बंद आहे, विजेचं बिल किती थकलं, दुरुस्तीचा अर्ज कधी दिला, तो कुणाकडं पडून आहे. दोन दिवस तो ग्रामपंचायत आणि वीज कार्यालयाच्या खेपा घालत होता, एकदा वैतागून परतही आला. मग आम्ही दोघांनी बसून बातमी केली, जिला आरंभ-शेवट आहे, तारीख आहे, अधिकाऱ्याचं म्हणणं आहे.

व्हिडिओ रात्री त्याच्या चॅनलवर गेला आणि पुष्कळ लोकांनी पाहिला. सकाळी बातमी जिल्हा पानावर होती. त्या गावातून एरवी दोनच अंक जातात. त्या दिवशी तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष ताईंचा फोन आला, "भाऊ, पाच-सहा पेपर ठेवजा. अर्जाले जोडाचे हायेत." पोरानं ते स्वतः नेऊन दिले. पुढच्या सोमवारी त्या बाया अर्ज आणि कात्रण घेऊन यवतमाळला गेल्या, आणि तो त्यांच्याबरोबर गेला. पंप अजून सुरू झालेला नाही. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे, तो त्यानं मला पाठवलाय, आणि या आठवड्याच्या पाठपुराव्याची बातमी तो एकट्यानं लिहितो आहे.